एपीआयविना लॉगिन पडताळणी

एका संकेतस्थळावर खाते असलेली व्यक्ती तीच आहे, याची खात्री दुसऱ्या संकेतस्थळाने करून घेण्याच्या अनौपचारिक पद्धतींना एपीआयविना लॉगिन पडताळणी असे म्हणता येईल. अशी खात्री देण्याची अधिकृत सोय, म्हणजेच एपीआय, पहिल्या संकेतस्थळाने उपलब्ध करून दिलेली नसते तेव्हा या पद्धती वापरल्या जातात. खातेदाराकडून त्याचा परवलीचा शब्द मागून घेणे, त्याला खात्याच्या पानावर ठरावीक खुणेचा मजकूर लिहायला लावणे, त्याच्या ईमेलवर वा भ्रमणध्वनीवर संकेतांक पाठवणे आणि मध्यस्थ माणसाकरवी दोन्हीकडे प्रवेश करणे, हे त्यांचे प्रमुख प्रकार होत. यांतील काही पद्धती बऱ्यापैकी सुरक्षित आहेत, तर काहींमुळे खातेदाराचे पैसे, कागदपत्रे आणि नाव धोक्यात येते. २००५ नंतर ओपनआयडी आणि ओऑथ ही मानके आल्यावर अशा पद्धतींची गरज कमी झाली. मात्र ती पूर्णपणे संपलेली नाही.

पार्श्वभूमी

महाजालावरील पाने ज्या एचटीटीपी नियमावलीने पोहोचवली जातात, ती मुळात स्मरणशून्य आहे. वाचकाने एक पान मागितल्यावर सर्व्हर ते देतो आणि मागणारा कोण होता हे विसरून जातो. ही उणीव भरून काढण्यासाठी १९९४ मध्ये नेटस्केप या कंपनीतील लू माँटुली यांनी कुकी ही कल्पना मांडली. वापरकर्त्याने सदस्यनाव आणि परवलीचा शब्द देऊन प्रवेश केला, की सर्व्हर त्याच्या ब्राउझरला एक लांबलचक, अंदाज बांधता न येणारा क्रमांक देतो. पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर ब्राउझर तो क्रमांक परत पाठवतो आणि सर्व्हरला माणसाची ओळख पटते.

ही कुकी ज्या संकेतस्थळाने दिली, त्यालाच ब्राउझर ती परत देतो. दुसऱ्या संकेतस्थळाला ती वाचता येत नाही. सुरक्षिततेसाठी ही भिंत आवश्यक आहे, पण तिच्यामुळेच प्रस्तुत प्रश्न निर्माण होतो. एका ठिकाणी ओळख पटलेली व्यक्ती दुसऱ्या ठिकाणी अनोळखीच राहते. दोन्ही संकेतस्थळांत करार असेल, तर पहिले संकेतस्थळ दुसऱ्याला 'ही व्यक्ती आमच्याकडे अमुक नावाने नोंदलेली आहे' असा सहीशिक्क्याचा निरोप पाठवू शकते. असा करार आणि निरोपाची वाट नसेल, तर दुसऱ्या संकेतस्थळाला उपलब्ध साधनांतूनच मार्ग काढावा लागतो.

मराठीत पासवर्डसाठी रूढ झालेला 'परवलीचा शब्द' हा पहाऱ्याच्या परिभाषेतून आला आहे. ठरलेला शब्द सांगणारा आपल्या गोटातला, अशी त्यामागची कल्पना असते. शब्द फुटला की पहाऱ्याला अर्थ उरत नाही, हे तत्त्व संगणकालाही तंतोतंत लागू पडते. म्हणूनच सावध संकेतस्थळे परवलीचा शब्द जसाच्या तसा साठवत नाहीत. त्याचे गणिती प्रक्रियेने केलेले, उलट फिरवता न येणारे रूपांतर ते साठवतात. या कामासाठी वापरली जाणारी बीक्रिप्ट ही पद्धत १९९९ मध्ये नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड मझिएरेस यांनी मांडली.

प्रमुख पद्धती

परवलीचा शब्द मागून घेणे

या पद्धतीत दुसरे संकेतस्थळ वापरकर्त्याला पहिल्या संकेतस्थळाचे सदस्यनाव आणि परवलीचा शब्द आपल्याच अर्जात भरायला सांगते. नंतर त्याची आज्ञावली पहिल्या संकेतस्थळाचे प्रवेशपान उघडते, अर्जातील छुपे रकाने वाचते, माणसाने भरावी तशी माहिती भरते आणि मिळालेली कुकी जपून ठेवते. प्रवेश झाला तर ओळख पटली असे मानले जाते. पुढे त्या खात्यातील पाने उघडून त्यांतील मजकूर वेचून घेतला जातो. या क्रियेला स्क्रीन स्क्रेपिंग म्हणतात. अमेरिकेत १९९९ मध्ये स्थापन झालेल्या योडली या कंपनीने अनेक बँकांतील खात्यांची माहिती एकत्र दाखवण्याची सेवा दीर्घकाळ मुख्यतः याच मार्गाने दिली.

ही पद्धत नाजूक असते. प्रवेशपानाची मांडणी थोडी बदलली, कॅप्चा आला किंवा भ्रमणध्वनीवर संकेतांक येऊ लागला की ती बंद पडते. पडताळणी जिथे खरोखर बंद पडते, तिथे फारसे बिघडत नाही. जिथे ती चुकीचे उत्तर देते, तिथे मात्र हानी होते. उदाहरणार्थ, चुकीच्या परवलीच्या शब्दानंतर येणारे पान आज्ञावलीला ओळखता आले नाही, तर नाकारलेला प्रवेशही ती यशस्वी समजू शकते.

खुणेचा मजकूर

दुसरे संकेतस्थळ वापरकर्त्याला यादृच्छिक अक्षरांची एक खूण देते आणि पहिल्या संकेतस्थळावरील आपल्या परिचयाच्या पानावर ती लिहायला सांगते. ते पान सर्वांना वाचता येत असल्याने दुसरे संकेतस्थळ ते उघडून खूण तपासते. त्या पानावर लिहिण्याचा अधिकार केवळ खातेदाराला असतो. म्हणून खूण सापडली की खाते त्याचेच आहे हे सिद्ध होते. यात परवलीचा शब्द कोणालाही सांगावा लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण होय. खूण दर वेळी नवी असणे, तिला काही मिनिटांची मुदत असणे आणि ते पान इतरांना संपादित करता न येणे, या तीन अटी पाळल्या नाहीत तर मात्र तिचा उपयोग राहत नाही.

संकेतस्थळाच्या नावावर मालकी सिद्ध करण्यासाठी डीएनएस नोंदीत ठरावीक मजकूर घालण्याची पद्धत याच तत्त्वावर चालते. मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर स्वतःच्या संकेतस्थळाची मालकी दाखवण्यासाठी दोन्ही पानांवर एकमेकांचे दुवे देतात. तीही याच कुळातील रीत आहे.

संदेश आणि संकेतांक

दुसरे संकेतस्थळ पहिल्या संकेतस्थळाच्या अंतर्गत संदेशव्यवस्थेतून, ईमेलने किंवा लघुसंदेशाने संकेतांक पाठवते आणि वापरकर्त्याने तो परत सांगायचा असतो. भारतात ओटीपी या नावाने ही पद्धत घरोघरी पोहोचली आहे. तिच्यातून सिद्ध होते ते एवढेच, की संकेतांक वाचणाऱ्याच्या हाती तो भ्रमणध्वनी किंवा ती ईमेलपेटी आहे. भ्रमणध्वनी कोणाचा आहे, हे त्यातून कळत नाही.

सामायिक गुपित

दोन संकेतस्थळांचे चालक एकमेकांना ओळखत असतील, तर पूर्ण एपीआय न बांधताही त्यांना एक गुपित ठरवता येते. पहिले संकेतस्थळ सदस्यनाव आणि वेळ यांच्यावर त्या गुपिताच्या साहाय्याने गणिती सही करते आणि ती दुव्यात घालून वापरकर्त्याला दुसरीकडे पाठवते. दुसरे संकेतस्थळ सही पुन्हा काढून पाहते. वेळेची मर्यादा घातली नाही, तर तोच दुवा कोणीही पुन्हा वापरू शकतो, ही यातील नेहमीची चूक होय.

विकिपीडियातील उदाहरण

विकिमीडिया प्रकल्पांच्या इतिहासात या विषयाचे चांगले उदाहरण आढळते. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्या काळात प्रत्येक भाषेच्या विकिपीडियावर वेगळे खाते उघडावे लागे. सर्व प्रकल्पांसाठी एकच खाते ही सोय २००८ पासून मिळू लागली आणि तिचे काम २०१५ मध्ये पूर्ण झाले. विकिपीडियाबाहेर स्वयंसेवकांनी बनवलेल्या साधनांना, उदाहरणार्थ चित्रे कॉमन्सवर हलवणाऱ्या साधनांना, वापरकर्ता खरोखर तोच संपादक आहे हे कळण्याचा मात्र मार्ग नव्हता.

जर्मन संपादक माग्नुस मान्स्के यांनी त्यासाठी टस्क ही व्यवस्था बनवली. तिच्यात संपादकाने स्वतःच्या खात्यातून ठरावीक खुणेचे एक संपादन करायचे असे. संपादनांचा इतिहास सर्वांना खुला असल्याने ते संपादन कोणत्या खात्यातून झाले, हे टस्कला पाहता येई. ओळख पटल्यावर संपादक टस्कसाठी वेगळा परवलीचा शब्द ठरवी. विकिपीडियाचा परवलीचा शब्द कोणालाही द्यावा लागत नसे. २०१३ मध्ये विकिमीडियाने ओऑथची अधिकृत सोय सुरू केल्यावर अशा व्यवस्थेची आवश्यकता उरली नाही.

धोके

परवलीचा शब्द दुसऱ्याच्या हाती दिल्याने चार प्रकारची हानी संभवते. पहिली, दिलेला अधिकार संपूर्ण असतो. शिल्लक पाहण्यापुरता दिलेला शब्द पैसे हलवण्यासही पुरतो. दुसरी, तो शब्द दुसऱ्या संकेतस्थळाला पुन्हा वापरायचा असल्याने उलट फिरवता येईल अशा रूपात साठवावा लागतो. त्यामुळे तेथे चोरी झाली तर सर्वांची खाती एकदम उघडी पडतात. तिसरी, दिलेला अधिकार एकट्याचा काढून घेता येत नाही. शब्द बदलला की ज्यांना तो दिला होता त्या सगळ्यांचाच प्रवेश तुटतो. चौथी हानी सवयीची आहे. कोणत्याही पानावर परवलीचा शब्द भरण्याची सवय लागलेला माणूस बनावट पानावरही तो सहज भरतो आणि फिशिंग करणाऱ्यांचे काम सोपे होते.

व्यवहारातील उपमा द्यायची, तर परवलीचा शब्द देणे म्हणजे कोऱ्या धनादेशावर सही करून देणे होय. याउलट, ओऑथसारखी अधिकृत पद्धत ही ठरावीक कामापुरत्या, मुदतीच्या आणि रद्द करता येणाऱ्या मुखत्यारपत्रासारखी आहे.

अधिकृत पद्धतींचा विकास

संस्थांमधील एकत्रित प्रवेशासाठी ओएसिस या संस्थेने सॅमल हे मानक २००२ मध्ये आणि त्याची दुसरी आवृत्ती २००५ मध्ये स्वीकारली. सर्वसामान्य संकेतस्थळांसाठी ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००५ मध्ये ओपनआयडी मांडले. ओऑथचे काम २००६ च्या अखेरीस सुरू झाले आणि पहिली आवृत्ती २००७ मध्ये आली. दुसरी आवृत्ती ऑक्टोबर २०१२ मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध झाली, तर तिच्यावर आधारलेले ओपनआयडी कनेक्ट फेब्रुवारी २०१४ मध्ये आले. ट्विटरने ऑगस्ट २०१० मध्ये इतर आज्ञावलींना परवलीच्या शब्दाने प्रवेश देणे बंद करून ओऑथ बंधनकारक केले.

ओऑथमध्ये वापरकर्ता मूळ संकेतस्थळावरच जाऊन प्रवेश करतो. दुसऱ्या संकेतस्थळाला कोणती माहिती द्यायची, हे त्याला तेथे विचारले जाते. त्याने संमती दिल्यावर दुसऱ्या संकेतस्थळाला एक टोकन मिळते. टोकनाची व्याप्ती आणि मुदत ठरलेली असते, आणि ते एकट्याचे रद्द करता येते.

भारतातील व्यवस्था

पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देण्यात आला. आधार पडताळणीत आधार क्रमांकासोबत संकेतांक किंवा बोटांचे ठसे पाठवले जातात आणि प्राधिकरण ते जुळतात की नाही एवढेच कळवते. ई-केवायसीमध्ये संमतीने नाव, पत्ता इत्यादी तपशीलही मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधार कायद्याची वैधता उचलून धरली, पण खासगी संस्थांना कराराच्या आधारे आधार वापरू देणारी तरतूद रद्द केली.

२०१५ मध्ये सुरू झालेली डिजिलॉकर ही सेवा कागदपत्रे इतर संस्थांना संमतीने दाखवण्यासाठी ओऑथचा वापर करते. बँकांतील माहितीसाठी रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०१६ रोजी अकाउंट ॲग्रिगेटरविषयीचे निर्देश काढले आणि ही व्यवस्था सप्टेंबर २०२१ मध्ये प्रत्यक्षात आली. तीत मध्यस्थ संस्था खातेदाराची संमती सांभाळते आणि माहिती एका संस्थेकडून दुसरीकडे पोहोचवते. ती माहिती तिला स्वतःला वाचता येत नाही. परवलीचा शब्द कोठेही द्यावा लागत नाही.

जालना जिल्ह्यातील स्थिती

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, परतूर, मंठा, अंबड आणि घनसावंगी हे त्याचे आठ तालुके आहेत. कापूस, सोयाबीन आणि मोसंबी पिकवणाऱ्या या जिल्ह्यातील शेतकऱ्याला वर्षभरात अनेक सरकारी संकेतस्थळांशी संबंध येतो. कृषी योजनांसाठी महाडीबीटी, विम्यासाठी पीक विम्याचे संकेतस्थळ, पिकांच्या नोंदीसाठी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेले ई-पीक पाहणी ॲप, सातबारासाठी महाभूमी आणि प्रमाणपत्रांसाठी आपले सरकार, अशी ही यादी आहे. प्रत्येक ठिकाणची नोंदणी वेगळी असल्याने त्यांना जोडणारा दुवा बहुधा आपले सरकार सेवा केंद्राचा चालक ठरतो. दोन संकेतस्थळे परस्परांशी बोलत नसली, की माणूसच एका पडद्यावरची माहिती दुसऱ्या पडद्यावर भरतो. एपीआयचे काम येथे केंद्रचालक करतो.

ही सोय बिनतोड नाही. शेतकऱ्याचे सदस्यनाव आणि परवलीचा शब्द केंद्राच्या वहीत लिहिलेले असतील, किंवा शेतकऱ्याकडे भ्रमणध्वनी नसल्याने नोंदणीत दुसऱ्याचाच क्रमांक घातला असेल, तर पुढचे सर्व संकेतांक त्या दुसऱ्याकडे जातात. अर्जाची त्रुटी, अनुदानाची मंजुरी वा कागदपत्रांची मुदत यांचे संदेश मूळ शेतकऱ्याला मिळत नाहीत. संगणकाच्या दृष्टीने ओळख पटलेली असते. प्रत्यक्षात ज्याची ओळख पटायला हवी तो दूरच राहतो.

राज्यातील दोन कर्जमाफी योजनांची तुलना या संदर्भात उपयुक्त आहे. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत शेतकऱ्याने आपले सरकार संकेतस्थळावर स्वतः अर्ज भरायचा होता. अर्जातील माहिती आणि बँकांची माहिती नंतर जुळवावी लागली. नाव, आधार वा खाते क्रमांकातील विसंगतींमुळे विलंब झाला. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत हा क्रम उलटा करण्यात आला. बँकांनी कर्जखात्यांची माहिती आधी दिली, प्रत्येक खात्याला विशिष्ट क्रमांक मिळाला आणि याद्या प्रसिद्ध झाल्या. शेतकऱ्याने केंद्रात वा बँकेत जाऊन आधार पडताळणी करायची आणि रक्कम मान्य आहे की नाही तेवढे सांगायचे होते. वेगळे खाते आणि परवलीचा शब्द यांची गरजच या रचनेत उरली नाही. अतिवृष्टीच्या मदतीसाठीही पुढे विशिष्ट क्रमांक आणि ई-केवायसी यांचीच पद्धत वापरली गेली.

लॉगिनच्या सुरक्षिततेचा प्रश्न कार्यालयांपुढेही आहे. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतील अतिवृष्टी अनुदानाच्या वाटपातील गैरव्यवहाराचे प्रकरण २०२५ मध्ये गाजले, तेव्हा अधिकाऱ्यांच्या लॉगिन आयडी व पासवर्डच्या गैरवापराचा आरोप पुढे आला. लाभार्थ्याची पडताळणी कितीही काटेकोर असली, तरी यादी मंजूर करणारे लॉगिन अनेकांच्या हाती असेल तर ती निष्फळ ठरते, हे या प्रश्नाचे मर्म आहे.

महाराष्ट्रात डिसेंबर २०२४ पासून ॲग्रिस्टॅक अंतर्गत शेतकरी ओळख क्रमांक देण्याची मोहीम सुरू झाली. या क्रमांकाने शेतकऱ्याचा आधार आणि त्याची जमीन यांची सांगड घातली जाते. निरनिराळ्या योजनांची संकेतस्थळे एकाच क्रमांकावरून माहिती घेऊ शकली, तर तीच माहिती पुन्हा पुन्हा भरण्याचे काम कमी होते.

कायदेशीर बाजू

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार संगणकाच्या मालकाच्या वा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीविना त्यात प्रवेश करणे किंवा त्यातील माहिती उतरवून घेणे नुकसानभरपाईस पात्र ठरते. दुसऱ्याचा परवलीचा शब्द कपटाने वा अप्रामाणिकपणे वापरल्यास कलम ६६ क नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार संमती मुक्त, विशिष्ट आणि माहितीपूर्ण असावी लागते. ती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे. परवलीचा शब्द देऊन टाकण्याच्या पद्धतीत ही अट पाळणे कठीण आहे.

खातेदाराने स्वखुशीने परवलीचा शब्द दिला, तरी संकेतस्थळाच्या मालकाची परवानगी मिळाली असे होते का, हा वादाचा मुद्दा आहे. अमेरिकेत फेसबुकने पॉवर व्हेंचर्स या कंपनीविरुद्ध २००८ मध्ये दाखल केलेल्या खटल्यात हाच प्रश्न होता. फेसबुकने लेखी मनाई केल्यानंतर खातेदारांच्या संमतीवर विसंबून केलेला प्रवेश अनधिकृत ठरतो, असा निर्णय तेथील नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने २०१६ मध्ये दिला.

निवडीचे निकष

अधिकृत सोय नसताना कोणती पद्धत स्वीकारावी, हे तीन प्रश्नांवरून ठरवता येते. गुपित कोणाच्या नजरेस पडते? दिलेला अधिकार केवळ आवश्यक तेवढाच आहे काय? तो उद्या एकट्याचा काढून घेता येईल काय? खुणेच्या मजकुराची पद्धत या तिन्ही कसोट्यांना उतरते, कारण तीत गुपित दिलेच जात नाही. संकेतांकाची पद्धत भ्रमणध्वनी खातेदाराच्याच हाती असेल तोवर उतरते. परवलीचा शब्द मागून घेणारी पद्धत एकाही कसोटीस उतरत नाही. सेवा केंद्रातून अर्ज भरताना शेतकऱ्याने वा विद्यार्थ्याने स्वतःचाच भ्रमणध्वनी क्रमांक नोंदवणे, संकेतांक सांगण्यापूर्वी तो कशासाठी आला आहे हे वाचून वा वाचवून घेणे, आणि काम झाल्यावर परवलीचा शब्द बदलणे, या गोष्टी केल्यास मध्यस्थाची मदत घेऊनही खाते स्वतःच्या ताब्यात राहते.